एकोणीस नंबरची बरणी

सोमवारी सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेत शिरलं की ताई आधी चष्मा पुसायची, मग कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच कोमट पाण्याच्या पेटीचं झाकण उघडायची. पेटीत चोवीस काचेच्या बरण्या, चार रांगांत. पेटी आपली दिवसरात्र हलके हलके डुलत असे आणि तिचा एक कोपरा दर खेपेला कुरकुरत असे. तेल घालून झालं, स्क्रू आवळून झाले, कुरकुर काही गेली नाही. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेल्या ताईला ती आता ऐकूही येत नव्हती. इस्पितळाच्या मागच्या इमारतीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर सर्जनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, आणि तिच्या हातचं मोजमाप कधी चुकत नाही हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असे.

काम तसं सांगायला सोपं. हृदयाची बायपास झाली की नवी जोडलेली रक्तवाहिनी काही महिन्यांत आतून पुन्हा अरुंद होऊ लागते. ती तशी होऊ नये म्हणून मोठ्या मॅडम, म्हणजे तिथल्या हृदयाच्या सर्जन, शस्त्रक्रियेतच त्या वाहिनीभोवती एक पट्टी गुंडाळत. पॉलिमरची, दुधी रंगाची, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. पट्टीत औषध भरलेलं असे. ते वर्षभर थेंबाथेंबानं झिरपायचं आणि मग पट्टीही विरघळून जायची.

पण आत नेमकं किती झिरपतंय हे माणूस उघडून कोण बघणार? म्हणून ही बरण्यांची युक्ती. प्रत्येक रुग्णासाठी एक नवी पट्टी घ्यायची, तिचे बरोबर दोन भाग करायचे. एक भाग शस्त्रक्रियेला, दुसरा मिठाच्या पाण्यात, शरीराच्या उष्णतेवर, बरणीत. त्या दुसऱ्या भागाला सगळे ‘जोडी’ म्हणत. रविवारी बरण्यांतलं पाणी बदलायचं, सोमवारी ते एका दिवसाचं पाणी यंत्राला द्यायचं. यंत्र कागदावर रेघ काढी. पाण्यात जे औषध असेल त्याचं त्याच्या ठरलेल्या जागी एक टेकाड उमटे. चोवीस बरण्या, चोवीस कागद, प्रत्येकावर एकच टेकाड. इतकं कंटाळवाणं काम ताईला मनापासून आवडायचं.

बरण्यांवर नावं नसत, नुसते आकडे. कोणता आकडा कोणाचा हे ताईला कळू नये असा नियम होता. पण एकोणीस नंबर तिच्या नवऱ्याचा होता आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या दिवशी शस्त्रक्रियाच एक झाली होती.

नातेवाईक असेल तर काम दुसऱ्याकडे द्यायचं, असाही नियम होता. ताईनं तोंड शिवून घेतलं. आपल्या माणसाची पट्टी दुसऱ्या कोणी कापायची ही कल्पनाच तिला सहन होईना. तिनं स्वतः पातं हातात घेतलं, पट्टी मोजली, मधोमध खूण केली. आणि कापताना तिचा हात खुणेच्या पलीकडे दोन मिलिमीटर सरकला. चुकून नव्हे. ताटात वाढताना त्याच्या बाजूला जरा जास्त पडावं, तसा सरकला. मोठा भाग तिनं शस्त्रक्रियेला पाठवला, धाकटा बरणीत टाकला आणि वहीत दोन्हींची मापं सारखी लिहिली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा वहीत खोटं लिहिलं तिनं.

दहा आठवडे सगळं सुरळीत चाललं. नवरा चौथ्या दिवशी चालायला लागला, दुसऱ्या महिन्यात आपल्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसला. गिऱ्हाइकांना फ्रेम दाखवता दाखवता छातीवरचा व्रणही दाखवू लागला. ताई ओरडली की म्हणायचा, “अगं, एवढी मोठी शिवण फुकट घालवू का?”

अकराव्या सोमवारी एकोणीस नंबरच्या कागदावर पाच टेकाडं आली.

ताईनं बरणी नीट धुतली नसेल म्हणून स्वतःलाच दोन शब्द सुनावले. नवी बरणी घेतली, नवं पाणी घेतलं. पुढच्या सोमवारी पुन्हा पाच. मग तिनं शेजारच्या टेबलावरच्या तंत्रज्ञ बाईला, जिला तिच्या उंचीमुळे सगळे शिडी म्हणत, तिला पाणी काढायला लावलं.

“पाचच आहेत, ताई,” शिडी कागद उजेडाकडे धरून म्हणाली. “ही चार कसली?”

“बघते मी,” ताई म्हणाली.

बघायला फार वेळ लागला नाही. रुग्णांच्या रक्ताची तपासणीही त्याच यंत्रावर होत असल्यानं हृदयविभागात वापरतात त्या सगळ्या औषधांचा तक्ता भिंतीवरच होता. कोणतं टेकाड कुठे पडतं ते त्यात दिलेलं. ताईनं मोजपट्टी लावून जागा जुळवल्या. पहिलं रक्त पातळ ठेवणारी गोळी. दुसरं रक्तदाबाची. तिसरं कोलेस्टेरॉलची. चौथं ठोके आवरून धरणारी, अर्धी. रोज सकाळी तीच तर या चार गोळ्या चहाच्या बशीत काढून नवऱ्यापुढे ठेवत होती.

हे माझ्याच हातांना लागून येत असणार, असं तिनं ठरवलं. बोटांवरची पूड बरणीत पडत असेल. तिनं दोन दोन मोजे घालायला सुरुवात केली. पुढे बरणीला हात लावणंच सोडलं, ते काम शिडीला दिलं. टेकाडं जागची हलली नाहीत. बाकी तेवीस बरण्यांचे कागद स्वच्छ.

जी पट्टी कधी कोणाच्या शरीरात गेलीच नाही, तिच्या पाण्यात एका चष्मेवाल्याच्या सकाळच्या गोळ्या येत होत्या. ताईनं हे कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर आधी मापाबद्दल सांगावं लागलं असतं. आणि खरं म्हणजे तिला आत कुठेतरी बरंही वाटत होतं. दुकानात बसलेल्या माणसावर इथून नजर ठेवता येत होती.

चौदाव्या सोमवारी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं टेकाड गायब. ताई तणतणत घरी गेली.

“आज गोळी टाळलीत ना?”

“कुठली? चारही घेतल्या की. तुझ्यासमोर घेतल्या!”

“तोंडात धरून नंतर थुंकला असाल.”

“मी काय पाच वर्षांचा आहे?” नवरा खरोखरच दुखावला. दोन दिवस घरात अबोला होता.

पुढच्या रविवारी दुपारी तो आपल्या थोरल्या बहिणीकडे राहायला गेला. सोमवारी संध्याकाळी परतला तो चोरासारखा. “हे बघ, आता रागवायचं नाही. तुझ्या वन्संकडे जाताना एक पाकीट इथेच राहिलं. आजची ती पातळवाली गोळी बुडाली. एकच. पण तू मला आठ दिवस आधीच शिव्या घालून झाल्यायस, तेव्हा आता फिटंफाट.”

तो हसला. ताईला हसू आलं नाही. तिनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नुसतीच वाहत्या पाण्याकडे बघत राहिली.

सतराव्या सोमवारच्या कागदावर एक नवं टेकाड होतं, दुखणं थांबवणाऱ्या गोळीचं. या खेपेला तिनं भांडण केलं नाही. फक्त विचारलं, “काही दुखतंय का तुमचं?”

“छे. ठणठणीत.”

शनिवारी त्याची दाढ ठणकायला लागली. रविवारी गाल फुगला. सोमवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली आणि दुखण्यावर गोळी दिली. ताईनं पाकिटावरचं नाव वाचलं. तक्त्यात त्याच जागी होतं तेच.

आता शंकेला जागाच नव्हती. बरणी नवऱ्यामागून येत नव्हती. ती त्याच्या पुढे चालली होती, बरोबर आठवडाभर. आजचा कागद म्हणजे पुढचा सोमवार.

त्यानंतर ताई रविवारी जेवेनाशी झाली. सोमवारी यंत्राची सुई हलू लागली की ती बोटांवर मोजू लागे. चार टेकाडं आणि पट्टीचं एक, असं पाच मोजून झालं की तिला धड श्वास येई. आणखी आठ दिवस मिळाले. अठरावा, एकोणिसावा, विसावा. ती आता सोमवार ते सोमवार जगत होती, आणि नवरा बिचारा म्हणत होता की दुखणं माझं आणि खंगतेयस तू.

एकविसाव्या सोमवारी सुईनं पाच टेकाडं काढली आणि थांबली नाही.

सहावं आलं. उंच, सरळसोट. मग सातवं.

ताईनं तक्त्यापाशी मोजपट्टी नेली. ती दोनदा भलत्याच ओळीवर टेकली, तेव्हा शिडी उठून आली.

“ताई, बरं नाहीये का?”

“तू जरा ही जागा वाच गं. मला नीट दिसत नाहीये.”

शिडीनं वाकून वाचलं. “ही दोन्ही इंजेक्शनं आहेत. हृदय बंद पडल्यावर देतात ती. पण इथे कशी येतील? यंत्र बिघडलंय वाटतं.”

“बिघडलंय,” ताई म्हणाली.

ती जिन्यात जाऊन बसली. खालून कोणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक खडखडत होतं. मॅडमना सांगायचं तर काय? बरणी बोलते म्हणून? पण तिचं डोकं अठ्ठावीस वर्षं मोजमापातच मुरलेलं होतं आणि त्या भीतीतही ते आपलं काम करत राहिलं. इंजेक्शनं दिसताहेत म्हणजे ती द्यायला कोणीतरी हजर असणार. दुकानात कोण टोचणार? घरात कोण टोचणार? म्हणजे सोमवारी तो इस्पितळात असणार. कागदावर दोन टेकाडं दिसली ही भीतीची गोष्ट नव्हतीच. ती दिसली नसती तर?

म्हणजे त्याला सोमवारी इथे आणायचं. आणि सगळे अहवाल चांगले असलेल्या माणसाला वॉर्डात घ्यायला लावेल असं तिच्याजवळ एकच कारण होतं.

ती मॅडमच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. बरणीबद्दल नव्हे, कापण्याबद्दल. एकोणीस नंबर माझा नवरा. पट्टी मी कापली. मोठा भाग त्यांना दिला. वहीत खोटं लिहिलं.

मॅडम बराच वेळ पेनचं टोपण काढत घालत राहिल्या.

“ताई, तुम्ही?”

“हो.”

“त्यांच्या अंगात औषध ठरल्यापेक्षा जास्त गेलंय. पाच महिने. आणि तुम्ही आज सांगताय.”

“चुकलं माझं. तुम्ही हवं ते करा, माझी तक्रार नाही. फक्त त्यांना दाखल करून घ्या. येत्या सोमवारी नजरेखाली ठेवा.”

“सोमवारीच का?”

ताईनं चष्मा काढून पदरानं पुसला. मॅडमनी तिच्याकडे रोखून पाहिलं, मग फोन उचलून रविवारपासून पलंग राखून ठेवायला सांगितलं. “सगळ्या तपासण्या करून घेऊ. आणि तुम्ही त्यानंतर आपलं कपाट रिकामं करा. मला फार वाईट वाटतंय, पण या मोजमापांवर उद्या कोण विश्वास ठेवणार?”

सोमवारी वॉर्डात लख्ख ऊन आलं होतं. नवरा पलंगावर मांडी घालून बसला होता आणि शेजारच्या रुग्णाचा चष्मा रुमालानं पुसून देत होता. “काय ही काच! यातून तुम्हाला डॉक्टरसुद्धा देखणा दिसत असेल.” शेजारी हसत होता. छातीला चिकटवलेल्या तारांतून आलेली हिरवी रेघ पडद्यावर शिस्तीत चालली होती.

ताई रेघेवरून नजर काढत नव्हती.

“अगं, माझ्याकडे बघ की जरा. त्या टीव्हीवर काय लागलंय एवढं?”

“बघते ना.”

दोन वाजले. तीन वाजले. नर्स येऊन रक्तदाब बघून गेली, उत्तम आहे म्हणाली. ताईला एकदम लाज वाटली. यंत्रच बिघडलं असेल. आपण म्हातारपणी वेड्यासारखं नोकरीवर पाणी सोडलं.

चारला दहा कमी असताना नवरा म्हणाला, “जरा पाणी दे.”

तिनं पेला भरला. वळली.

तो उशीवर कलंडला होता, डोळे उघडे. रेघ सपाट.

ताई ओरडली की नाही हे तिला नंतर आठवलं नाही. पावलं धावली. पडदा ओढला गेला. कोणीतरी तिला खांद्याला धरून मागे नेलं. पडद्याखालून तिला नुसते पाय दिसत होते आणि आकडे मोजणारा एक आवाज ऐकू येत होता.

“इंजेक्शन.”

सहावं टेकाड, ताईनं मनात म्हटलं.

“अजून नाही. दुसरं द्या.”

सातवं.

मग पुन्हा तो आकडे मोजणारा आवाज. आणि मग ठोके दाखवणाऱ्या यंत्राचा किरटा टिकटिक आवाज आला. एकदा. थांबून पुन्हा. मग सलग.

मॅडम पडदा सारून बाहेर आल्या तेव्हा त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. “घरी असते तर हाती लागले नसते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या चुकीनं वाचवलं त्यांना.” ताई तिथेच फरशीवर बसली आणि लहान मुलासारखी रडली.

पाच दिवस गेले. छातीत ठोके सांभाळणारं छोटं यंत्र बसवलं गेलं. गालांवर रंग आला. शनिवारी दुपारी घरी जायचं ठरलं. त्या सकाळी ताई आपलं कपाट रिकामं करायला तिसऱ्या मजल्यावर गेली. पेटी डुलत होती. एकोणीस नंबरची जागा मोकळी होती.

“मॅडमनी ती बरणी काढून टाकायला सांगितली,” शिडी म्हणाली. “पण सोमवारचं पाणी मी काढून फ्रीजमध्ये ठेवलंय. तपासायचं राहिलं होतं. टाकून देऊ?”

ताई म्हणाली, टाक. मग म्हणाली, थांब.

तिनंच पाणी यंत्रात घातलं. खुर्ची ओढून बसली. सुई टेकली, कागद सरकू लागला. रक्त पातळ ठेवणारी गोळी जिथे यायची ती जागा आली आणि गेली. रक्तदाबाची गेली. तिसरी, चौथी. इंजेक्शनंही नाहीत. शेवटी पट्टीच्या औषधाची जागा आली. तिथेही रेघ सरळच.

“हे तर नुसतं मीठपाणी,” शिडी म्हणाली. “बरं झालं बाई. कटकट मिटली.”

ताई कागद घेऊन मॅडमकडे गेली. मॅडम घाईत होत्या, हातात दुसऱ्या कोणाचे अहवाल.

“आणखी आठ दिवस ठेवून घ्या त्यांना. निदान परवाचा दिवस तरी.”

“आता कशासाठी? ठणठणीत आहेत ते. पलंगासाठी माणसं थांबलीत, ताई. काही नवं दिसलं का तुम्हाला?”

ताईनं हातातल्या कागदाकडे पाहिलं. एक सरळ रेघ. त्यात बोट ठेवून काय दाखवणार?

“नाही,” ती म्हणाली.

नवरा घरचे कपडे घालून पलंगाच्या कडेवर बसला होता. दाढीसुद्धा केली होती. समोरच्या टेबलावर नर्सनं दिलेली गोळ्यांची नवीकोरी डबी होती, वारांची नावं लिहिलेले सात कप्पे आणि प्रत्येकाला छोटं झाकण. तिचं येणं होईपर्यंत त्यानं हौसेनं सगळ्या गोळ्या भरायला घेतल्या होत्या. रविवार भरला होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सगळे भरले होते.

“बघ, आता तुला बशी नको नि काही नको,” तो म्हणाला. “फक्त हे सोमवारचं झाकण तेवढं उघडत नाही. नर्सनं केलं, मी केलं. तुझी नखं लाव बरं.”

ताईनं नख लावलं. झाकणाला फटच नव्हती. दाबलं, वळवलं, टेबलाच्या कडेवर आपटलं. नख तुटलं आणि त्याखालून बारीकसं रक्त आलं.

“अगं, जाऊ दे. हात कशाला दुखावून घेतेस,” नवरा म्हणाला, आणि हसत त्यानं मूठ तिच्यापुढे उघडली. “मग या उरलेल्या चार कुठे ठेवू?”